दीर्घ पल्ल्याची धाव, लोकसहभाग आणि सागरी पवन ऊर्जा

डिसेंबर महिन्यातील एका रविवारी पहाटे कोलकात्याच्या रेड रोडवर हजारो धावपटू एकत्र येतात. २०१४ पासून या शहरात २५ किलोमीटर अंतराची शर्यत भरते. २०२३ मध्ये केनियाचा डॅनियल एबेन्यो याने ती १ तास ११ मिनिटे १३ सेकंदांत पूर्ण केली, तर इथिओपियाच्या सुतुमे केबेदे हिने १ तास १८ मिनिटे ४७ सेकंद अशी वेळ नोंदविली. या अंतरासाठी त्या जगातील सर्वोत्तम वेळा ठरल्या. मात्र अशा शर्यतींचे महत्त्व केवळ विक्रमांपुरते मर्यादित नसते. वाहतूक सुरक्षा, कर्करोग, शिक्षण, पर्यावरण अशा अनेक विषयांकडे समाजाचे लक्ष वेधण्यासाठी लांब पल्ल्याच्या धावेचा उपयोग जगभर केला जातो.

सागरी पवन ऊर्जेसारख्या तांत्रिक आणि भांडवलप्रधान विषयासाठी हे साधन कितपत उपयोगी पडेल? धावेतून जमा होणाऱ्या निधीने समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहतील काय? आणि ‘जनसमर्थन’ म्हणजे नेमके काय? ऊर्जा सुरक्षा, किनारी परिसंस्था आणि सहभागी लोकशाही या तिन्ही विषयांना स्पर्श करणारे हे प्रश्न आहेत. त्यांचा विचार कोलकाता आणि बंगालच्या किनाऱ्याच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरते.

धावेतून उभे राहणारे पाठबळ

या प्रकारच्या मोहिमांचे सर्वपरिचित उदाहरण कॅनडातील आहे. हाडांच्या कर्करोगामुळे उजवा पाय गमावलेल्या टेरी फॉक्स या तरुणाने १२ एप्रिल १९८० रोजी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून धावण्यास प्रारंभ केला. कृत्रिम पायाच्या आधारे त्याने १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापले. आजार बळावल्याने १ सप्टेंबर १९८० रोजी त्याला थांबावे लागले आणि १९८१ मध्ये त्याचे निधन झाले. प्रत्येक कॅनेडियन नागरिकाकडून एक डॉलर मिळावा, ही त्याची अपेक्षा होती. फेब्रुवारी १९८१ पर्यंत जमा झालेला निधी देशाच्या तत्कालीन लोकसंख्येइतका, म्हणजे २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक झाला होता.

भारतात २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने धावपटूंमार्फत स्वयंसेवी संस्थांसाठी निधी उभारण्याची पद्धत रूढ केली. ऊर्जेच्या क्षेत्राशी थेट संबंध असलेले उदाहरण २०१२ चे आहे. त्या वर्षी मिलिंद सोमण यांनी दिल्ली ते मुंबई हे सुमारे १,५०० किलोमीटरचे अंतर ३० दिवसांत धावून पूर्ण केले. पर्यावरणविषयक जागृतीच्या ‘ग्रीनेथॉन’ या मोहिमेशी ही धाव जोडलेली होती. वीज न पोहोचलेल्या खेड्यांना सौर कंदील पुरविण्यासाठी ‘टेरी’ या संस्थेने २००८ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमाला या मोहिमेतून साहाय्य मिळत असे.

या उदाहरणांवरून धावेचे कार्य तीन पातळ्यांवर चालते असे दिसते. पहिली पातळी लक्ष वेधण्याची. अनेक दिवस चालणारी धाव गावोगावी आणि वृत्तपत्रांत चर्चेचा विषय होते. दुसरी पातळी छोट्या वर्गणीची. प्रत्येक किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देण्याचे वचन असंख्य सामान्य माणसांना कार्याशी जोडते. तिसरी पातळी विश्वासाची. स्वतः कष्ट सोसणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे लोक अधिक आस्थेने ऐकून घेतात.

सौर कंदिलासाठी या तिन्ही पातळ्या पुरेशा ठरतात, कारण एका देणगीतून एक कंदील विकत घेता येतो आणि त्याचा प्रकाश एका घरात पडलेला दिसतो. सागरी पवनचक्कीचे अर्थशास्त्र मात्र वेगळे आहे.

सागरी पवन ऊर्जा : संकल्पना आणि तंत्र

वाऱ्यातून मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग १० टक्क्यांनी वाढला तर उपलब्ध शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. सेकंदाला ६ मीटर वेगाच्या वाऱ्याच्या तुलनेत ८ मीटर वेगाच्या वाऱ्यात जवळजवळ २.४ पट शक्ती असते. समुद्रावर डोंगर, झाडे, इमारती यांचा अडथळा नसल्याने वारा जमिनीपेक्षा अधिक वेगाने आणि अधिक सातत्याने वाहतो. शिवाय मोठ्या आकाराची पाती रस्त्याने नेण्याची अडचण नसल्याने समुद्रातील यंत्रे अधिक मोठी करता येतात.

उथळ पाण्यात समुद्रतळात एकच जाड पोलादी खांब ठोकून त्यावर पवनचक्की उभारतात. पाणी अधिक खोल असेल तर पोलादी सांगाड्याचा पाया वापरला जातो. खूप खोल पाण्यात तरंगत्या पायाचा उपयोग होतो. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ २०१७ मध्ये सुरू झालेला ३० मेगावॅटचा ‘हायविंड’ हा या प्रकारचा पहिला व्यापारी प्रकल्प होय. निर्माण झालेली वीज समुद्रतळावरील वाहिन्यांतून किनाऱ्यावरील उपकेंद्रात आणली जाते.

जगातील पहिला सागरी पवन ऊर्जा प्रकल्प डेन्मार्कमध्ये विंडेबी येथे १९९१ मध्ये उभा राहिला. त्यात प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या ११ पवनचक्क्या होत्या. २५ वर्षांच्या सेवेनंतर २०१७ मध्ये तो काढून टाकण्यात आला. जागतिक क्षमता २०२४ अखेर सुमारे ८३ हजार मेगावॅट झाली होती आणि त्यात चीनचा वाटा सर्वांत मोठा होता.

भारतातील धोरणात्मक प्रवास

जमिनीवरील पवन ऊर्जेत भारताचे स्थान अग्रेसर आहे. मार्च २०२५ अखेर देशाची स्थापित क्षमता ५० हजार मेगावॅटवर पोहोचली. समुद्रातील चित्र वेगळे आहे. राष्ट्रीय सागरी पवन ऊर्जा धोरण २०१५ मध्ये जाहीर झाले. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात पवन ऊर्जा विकसित करण्याची चौकट या धोरणाने आखून दिली. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय हे त्यासाठी समन्वयक मंत्रालय, तर चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था ही समन्वयक यंत्रणा ठरविण्यात आली. गुजरात आणि तामिळनाडू या दोन राज्यांच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी आठ क्षेत्रे निश्चित करण्यात आली असून त्यांची एकत्रित संभाव्य क्षमता सुमारे ७० हजार मेगावॅट मानली जाते. खंबातच्या आखातात लेसर किरणांच्या साहाय्याने वारा मोजणारे उपकरण २०१७ मध्ये बसविण्यात आले. समुद्रतळ भाडेपट्ट्याने देण्याचे नियम २०२३ मध्ये अधिसूचित झाले.

सुरुवातीच्या प्रकल्पांचा खर्च आणि विजेचा परवडणारा दर यांतील अंतर भरून काढण्यासाठी जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने व्यवहार्यता तफावत निधीची ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यांपैकी ६,८५३ कोटी रुपये गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॅट, अशा एकूण १,००० मेगावॅटच्या उभारणीसाठी आहेत. उर्वरित ६०० कोटी रुपये दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. या १,००० मेगावॅटपासून वर्षाला सुमारे ३७२ कोटी युनिट वीज मिळेल आणि २९.८ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन टळेल, असा शासकीय अंदाज आहे.

या आकड्यांवरून क्षमता वापराचे प्रमाण काढता येते. १,००० मेगावॅट क्षमता वर्षाचे ८,७६० तास पूर्ण शक्तीने चालली तर ८७६ कोटी युनिट वीज मिळेल. अपेक्षित ३७२ कोटी युनिट म्हणजे त्याच्या सुमारे ४२ टक्के. सागरी वाऱ्याच्या सातत्याचा हा लाभ आहे.

तरीही प्रगती संथ आहे. २०२४ मध्ये गुजरातच्या ५०० मेगावॅट प्रकल्पासाठी आणि तामिळनाडूच्या समुद्रतळाच्या भाडेपट्ट्यांसाठी निविदा काढण्यात आल्या होत्या. पुरेसा प्रतिसाद न मिळाल्याने त्या २०२५ मध्ये रद्द करण्यात आल्या. धोरणानंतरच्या पहिल्या दशकात भारताच्या समुद्रात एकही व्यापारी पवन प्रकल्प कार्यान्वित होऊ शकला नाही.

निधीचा हिशेब

मंजूर योजनेनुसार प्रत्येक मेगावॅटमागे शासनाचे साहाय्य सुमारे ६ कोटी ८५ लाख रुपये येते. आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या धावेत २० हजार स्पर्धक सहभागी झाले आणि प्रत्येकाने एक हजार रुपये जमविले, तर दोन कोटी रुपये उभे राहतील. ही रक्कम लहान नाही. परंतु तिच्यातून एका मेगावॅटमागील शासकीय साहाय्याचाही तिसरा हिस्सा भरून निघणार नाही. आधुनिक सागरी पवनचक्की तर एकेकटी १० मेगावॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेची असते.

निष्कर्ष स्पष्ट आहे. सागरी पवन ऊर्जेसाठीच्या धावेने प्रकल्पाचे भांडवल जमविण्याची अपेक्षा धरणे चुकीचे ठरेल. तिचे कार्य संमतीचे वातावरण तयार करणे हे आहे. ही संमती केवळ जागृतीने मिळते काय, याचे उत्तर अनुभवातून शोधावे लागते.

समर्थन आणि विरोध : तीन अनुभव

पहिला अनुभव कोपनहेगनचा. शहराच्या बंदरापासून अवघ्या काही किलोमीटर अंतरावर मिडलग्रुंडेन येथे २००० साली प्रत्येकी दोन मेगावॅटच्या २० पवनचक्क्या उभारण्यात आल्या. मूळ आराखड्यात तीन रांगांत २७ यंत्रे होती. सार्वजनिक सुनावणीत आलेल्या हरकतींनंतर संख्या कमी करून सर्व यंत्रे एकाच वक्राकार रांगेत मांडण्यात आली. त्यांपैकी निम्म्या यंत्रांची मालकी एका सहकारी संस्थेकडे देण्यात आली आणि साडेआठ हजारांहून अधिक नागरिकांनी तिचे भाग विकत घेतले. शहरातून स्पष्ट दिसणारा हा प्रकल्प अशा रीतीने नागरिकांच्या स्वतःच्या मालकीचा झाला.

दुसरा अनुभव अमेरिकेचा. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळ १३० पवनचक्क्यांचा ‘केप विंड’ प्रकल्प २००१ मध्ये प्रस्तावित झाला. किनाऱ्यावरील रहिवासी, मच्छीमार आणि मूळ निवासी जमाती यांच्यापैकी अनेकांनी त्यास विरोध केला. न्यायालयीन लढाया वर्षानुवर्षे चालल्या आणि अखेर २०१७ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला. वारा, तंत्रज्ञान आणि गुंतवणूकदार उपलब्ध असूनही सोळा वर्षांत एकही यंत्र उभे राहिले नाही.

तिसरा अनुभव महाराष्ट्रातीलच आहे. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठार आणि धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल ही राज्यातील पवन ऊर्जेची प्रमुख केंद्रे होत. २००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत ‘पवनचक्क्यांमुळे ढग पळतात आणि पाऊस पडत नाही’ असा समज या भागांत पसरला होता. त्याला शास्त्रीय आधार नव्हता. पवनचक्कीची पाती जमिनीलगतच्या हवेत फिरतात, तर पावसाळी ढगांची निर्मिती मोसमी वाऱ्यांच्या विशाल प्रणालीवर अवलंबून असते. तथापि या समजाकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे पुरेसे नाही. डोंगरावर यंत्रे फिरत होती, वीज दूरच्या शहरांकडे जात होती आणि पायथ्याच्या गावाला त्यात आपला वाटा दिसत नव्हता. लाभाची जाणीव नसेल तेथे शंकेला जागा मिळते.

बंगालचा किनारा आणि कोलकाता

कोलकाता हे भारतात विजेचा वापर सर्वप्रथम अनुभवणाऱ्या शहरांपैकी एक. १८७९ मध्ये येथे विजेच्या दिव्यांचे प्रात्यक्षिक झाले आणि १८९९ मध्ये इमामबाग लेन येथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. राणीगंज आणि झरिया येथील कोळसा जवळ असल्याने शहराची वीज प्रारंभापासून कोळशावर आधारलेली राहिली. हवामान बदलाचे परिणाम मात्र याच शहराच्या दक्षिणेस तीव्रतेने जाणवतात. आयला (मे २००९), अम्फान (मे २०२०) आणि यास (मे २०२१) या चक्रीवादळांनी सुंदरबनातील बांध फोडले, शेतात खारे पाणी शिरले आणि असंख्य कुटुंबांचे संसार उघड्यावर आले.

असे असूनही सागरी पवन ऊर्जेच्या पहिल्या टप्प्यात बंगालच्या किनाऱ्याचा समावेश नाही, यामागे ठोस कारणे आहेत. उत्तर बंगालच्या उपसागरातील वारा गुजरात व दक्षिण तामिळनाडूच्या तुलनेत मंद आहे. चक्रीवादळांचा धोका मोठा आहे. हुगळीच्या मुखाशी गाळाचे थर सतत सरकत असतात आणि कोलकाता व हल्दिया बंदरांकडे जाणारा जहाजांचा मार्ग तेथूनच जातो. सुंदरबन राष्ट्रीय उद्यान १९८७ पासून जागतिक वारसा स्थळ आहे, तर सुंदरबन पाणथळ क्षेत्राला २०१९ मध्ये रामसर दर्जा मिळाला. दुर्गादुआनी खाडीत ३.७५ मेगावॅटचा भरती-ओहोटीवर आधारित प्रायोगिक प्रकल्प मंजूर झाला होता, पण निविदेतील खर्च फार मोठा आल्याने तो थांबविण्यात आला. ऊर्जेचा स्रोत स्वच्छ असणे एवढेच पुरेसे नसते, तो स्थळाला आणि खर्चाला अनुरूपही असावा लागतो, हे यातून दिसते.

लोकसहभागाच्या बाबतीत मात्र बंगालच्या किनाऱ्याकडे सांगण्यासारखे बरेच आहे. १९९० च्या दशकात सागर बेटावर मुख्य वीजजाळे पोहोचलेले नव्हते. पश्चिम बंगाल नवीकरणीय ऊर्जा विकास यंत्रणेने शांतिपद गणचौधुरी यांच्या नेतृत्वाखाली तेथे छोटे सौर वीजप्रकल्प उभारले आणि गावापुरत्या तारा टाकून संध्याकाळच्या काही तासांसाठी वीज दिली. जोडणी कोणाला द्यावयाची, दर किती ठेवावयाचा आणि वसुली कशी करावयाची, या निर्णयांत ग्राहकांच्या समित्यांना स्थान होते. पुढे मुरीगंगा नदी ओलांडून वीजवाहिनी बेटावर आली आणि या छोट्या प्रकल्पांचे महत्त्व कमी झाले. परंतु ज्यांनी दर ठरविण्यात भाग घेतला त्यांना वीज परकी वाटली नाही, हा अनुभव टिकून राहिला. याच किनाऱ्यावर बक्खालीजवळ फ्रेझरगंज येथे लहान पवनचक्क्यांची रांगही उभारण्यात आली होती.

धाव अर्थपूर्ण कशी होईल?

समजा, सागरी पवन ऊर्जेच्या समर्थनार्थ कोलकात्याहून एखादी दीर्घ धाव निघाली. ती रेड रोडवर फेरी मारून संपली तर शहरातील सुशिक्षित वर्गापुरती जागृती होईल. तीच धाव डायमंड हार्बर, काकद्वीप, नामखाना या मार्गाने बक्खालीपर्यंत, म्हणजे सुमारे १३० किलोमीटर गेली, तर ती वीज वापरणाऱ्या शहराला समुद्रावर जगणाऱ्या गावांशी जोडील. मार्गातील प्रत्येक मुक्कामी सभा घेता येईल. मासेमारीच्या जागा कोणत्या, मासळीच्या प्रजननाचा काळ कोणता, बांधकाम कोणत्या महिन्यांत थांबवावे, नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार, बंदरातील रोजगारासाठी स्थानिक तरुणांना प्रशिक्षण मिळेल काय, हे प्रश्न मच्छीमारांकडून ऐकता येतील. बंगालमध्ये तूर्त प्रकल्प नसला तरी गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवरील गावांपुढे हेच प्रश्न आहेत. तेथेही धाव बंदरे आणि कोळीवाडे यांच्यामधून गेली पाहिजे.

अशा उपक्रमातून जमा झालेला निधी यंत्रांवर खर्च करण्याऐवजी तीन कामांसाठी वापरणे योग्य ठरेल : स्थानिक भाषेत माहितीचा प्रसार, मच्छीमारांच्या सहभागाने मासेमारी क्षेत्रांचे नकाशे तयार करणे आणि किनारी भागातील तरुणांचे तांत्रिक प्रशिक्षण. दोन कोटी रुपयांत पवनचक्कीचा पायाही उभा राहत नाही, परंतु ही तीन कामे निश्चित सुरू होऊ शकतात.

समारोप

सहनशक्तीची धाव लोकांचे लक्ष वेधते. लक्ष वेधल्याने संवादाची संधी मिळते. संवादातून वाटा, हक्क आणि जबाबदारी ठरली तरच त्याचे रूपांतर टिकाऊ समर्थनात होते. कोपनहेगनचे भागधारक आणि सागर बेटावरील ग्राहक समित्या यांनी हेच सिद्ध केले आहे. भारताच्या सागरी पवन ऊर्जेपुढील तातडीची अडचण खर्चाची आहे आणि ती शासकीय साहाय्य, बंदरसुविधा व स्थिर वीजखरेदी करार यांतूनच सुटेल. परंतु ती सुटल्यानंतर किनाऱ्यावरील माणसाच्या संमतीचा प्रश्न उभा राहणार आहे. त्याची तयारी निविदांच्या आधी सुरू झाली पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सागरी पवन ऊर्जेचे जमिनीवरील पवन ऊर्जेच्या तुलनेत लाभ व मर्यादा सोदाहरण स्पष्ट करा.

२. व्यवहार्यता तफावत निधी म्हणजे काय? २०२४ च्या योजनेच्या आधारे त्याची आवश्यकता विशद करा.

३. ‘ऊर्जा प्रकल्पांना विरोध हा नेहमीच अज्ञानातून होत नाही.’ महाराष्ट्र आणि परदेशातील अनुभवांच्या आधारे चर्चा करा.

४. पश्चिम बंगालचा किनारा सागरी पवन ऊर्जेच्या पहिल्या टप्प्यात का नाही? भौगोलिक व पर्यावरणीय कारणे सांगा.